तिसरा रकाना रिकामा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. पण मी म्हणतो म्हणून लगेच खरं मानू नका. मी तरी तुमच्यावर कुठे विश्वास ठेवलाय? तुम्ही कोण, कुठून आलात, तुम्हाला इकडे कुणी पाठवलं, हे विचारल्याशिवाय मी कुणाला दारातून आत घेत नाही. आमच्या धंद्याची ही सवयच आहे. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला चोर समजायचं आणि तो चोर नाही हे पटलं की मगच त्याला उत्तर द्यायचं. या सवयीचा मला फार अभिमान होता. आता तो थोडा कमी झाला आहे. का, तेच सांगतो.

मला कुणी घडवलं ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती नागपूरच्या एका कुरिअर कंपनीची. सहा वर्षं मी तिथे पार्सलांचा हिशेब ठेवला. एकाचं पार्सल दुसऱ्याने सही करून नेलं, तिसऱ्याचं चौथ्याच्या घरी गेलं, असं रोज काहीतरी चालायचं. संशयाचे पहिले धडे मी तिथेच घेतले. पुढे कंपनीने नवी यंत्रं घेतली आणि मला एका जीपमध्ये टाकून पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याला आणलं.

बेल्याच्या बियाणे तपासणी संस्थेत माझं स्वागत केलं ते संस्थेचे सचिव सुधाकरराव यांनी. स्वागत म्हणजे काय, तर त्यांनी मला चारही बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं, पाठीवर टकटक केली आणि कपाटातून दाढीचं ब्लेड काढलं. माझ्या अंगावर जुन्या कंपनीच्या नावाचा कागद चिकटवलेला होता. तो त्यांनी खरवडायला घेतला. मागच्या बाजूला हात पोचेना, म्हणून तिथला अर्धा तुकडा तेवढा राहिला.

सुधाकरराव माणूस वाईट नाहीत. साठीचे आहेत, कापसाची शेती आहे, बोलणं सरळ आहे. पण काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने भलत्याच ठिकाणचा तपासणीचा कागद संस्थेच्या फाईलीत हळूच सरकवला होता आणि तो दाखवून गावोगाव पोकळ बियाणं विकलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. ज्या कागदावर आपल्या संस्थेचं नाव नाही, तो आपल्या मिसलीत राहणार नाही. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते फाईली चाळायचे आणि परका कागद दिसला की उपटून काढायचे. असा माणूस मला आवडला नसता तरच नवल.

माझं काम सोपं आणि महत्त्वाचं होतं. पेरणीआधी गावोगावचे शेतकरी बियाण्याच्या पाकिटातले दाणे तपासायला आणत. संस्थेत शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत आणि आठवड्याने किती उगवले ते मोजत. तो आकडा पाकिटाच्या नंबरासकट माझ्यात नोंदवला जाई. मग कुणीही आपल्या मोबाइलवर संस्थेचं पान उघडून पाकिटावरचा नंबर टाकायचा. खरं पाकीट असेल तर मी खरं सांगायचो, नंबर आमच्या नोंदीत नसेल तर तेही स्पष्ट सांगायचो. माझ्या उत्तरावर लोक पाकीट घ्यायचे किंवा परत करायचे.

त्या दिवसांत माझं कौतुकही झालं. दसऱ्याला मला हळदकुंकू लागलं आणि झेंडूचा भलामोठा हार चढला. हार नेमका पंख्याच्या जाळीवर पडल्यामुळे दोन दिवस मी तापाने फणफणलो, पण ते चालायचंच. बाकी वर्षभर मात्र कुणी फडकंही फिरवत नसे. शेजारच्या जिनिंगमधला कापूस उडून माझ्या नाकातोंडात बसे आणि एक पाल माझ्या उबेला येऊन राहिली होती. तिच्यावरही माझं लक्ष होतं.

आता मुद्द्याचं. इतकी वर्षं मोबाइल आणि मी यांच्या मध्ये हैदराबादची एक कंपनी उभी असायची. संस्थेचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा तुमचा मोबाइल आधी विचारतो, तू खरंच त्या संस्थेचा आहेस कशावरून? तेव्हा हे प्रमाणपत्र दाखवावं लागतं. त्यावर संस्थेचं नाव असतं, मुदत असते आणि ते देणाऱ्याची सही असते. त्याच्या जोडीला एक गुप्त चावी असते. ती हातातली नव्हे, अक्षरांची असते, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याचंच ते प्रमाणपत्र खरं. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर तो खुशाल संस्थेचं सोंग घेऊन बसू शकतो.

यंदा त्या कंपनीने ते काम बंद केलं. प्रमाणपत्राची साडेचार महिने मुदत अजून शिल्लक होती, म्हणून तिने ते चावीसकट संस्थेला पाठवून दिलं. नवं काढायचं तर कागदपत्रं, सह्या, पडताळणी यांत महिना गेला असता आणि मिरगाच्या पेरणीला जेमतेम पंधरा दिवस राहिले होते. तेव्हा आहे तेच प्रमाणपत्र माझ्यात आणून बसवायचं ठरलं. हे काम आलं प्रतिभाकडे.

प्रतिभा संस्थेत तीन वर्षांपासून कारकून होती. तिचे वडील नागसेन गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. पोरगी हुशार, कमी बोलणारी, आणि कमी बोलणाऱ्यांवर माझा जरा जास्तच डोळा असतो.

मला ना पडदा ना कळफलक. माझ्याशी बोलायचं ते एपीआयमधून. एपीआय म्हणजे कचेरीत अर्ज घ्यायची खिडकी असते ना, तसंच समजा. ठरलेल्या नमुन्यातच अर्ज द्यायचा, आणि आधी टोकन, म्हणजे थोडा वेळ चालणारा आत यायचा परवाना, दाखवायचं. प्रमाणपत्राच्या अर्जाला तीन रकाने होते. पहिल्यात प्रमाणपत्र, दुसऱ्यात चावी, आणि तिसऱ्यात प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यांची साखळी. तिसऱ्या रकान्यापुढे लिहिलं होतं, ऐच्छिक.

हैदराबादहून ईमेलने चावी आणि तीन प्रमाणपत्रं आली होती. सुधाकररावांनी खुर्ची ओढली आणि प्रतिभाच्या संगणकावर एकेक उघडायला लावलं.

"हा पयला आपला," ते म्हणाले. "नाव हाय आपल्या संस्थेचं. अन् हे दोन कोन?"

"मालूम नाही, काका. बाहेरच्या कंपन्यायची नावं दिसून राह्यली."

"आपलं नाव हाय काय त्याच्यावर?"

"नाही."

"मंग काढून टाक. परक्याचा कागद आपल्या मिसलीत नोको."

प्रतिभाने ते दोन्ही काढून टाकले. खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात शाबास म्हटलं. कोण कुठले ते दोघे, न बोलावता आमच्या प्रमाणपत्राच्या मागे लागून आलेले!

पहिला अर्ज मी नाकारला. टोकन दहा मिनिटं चालतं, आणि चावी तपासायची म्हणून सुधाकरराव चष्मा शोधत बसले त्यात बारा मिनिटं गेली. दुसऱ्या वेळी सगळं झटपट झालं. मी प्रमाणपत्र पाहिलं, मुदत पाहिली, चावी त्याच्याशी जुळते का पाहिलं. जुळली. तिसरा रकाना रिकामा होता. मी एक नोंद लिहिली आणि अर्ज मंजूर केला. सुधाकररावांनी तिथल्या तिथे आपल्या संगणकावर पान उघडलं. ते छान उघडलं. चावी एका पेनड्राइव्हवर उतरवून ती त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक प्रतिभाकडे दिली.

तिसऱ्या दिवशी दारात रुख्मिणीबाई उभ्या. जवळच्याच खेड्यात त्यांची कापसाची शेती आहे आणि संस्थेच्या पानावर पाहिल्याशिवाय त्या एक दाणाही जमिनीत टाकत नाहीत. एका हातात बियाण्याचं पाकीट, दुसऱ्यात जुना मोबाइल.

"प्रतिभा, तुमचं पान चोरायनं नेलं काय व? हा फोन तं लाल होऊन राह्यला."

मोबाइलवर मोठ्या अक्षरांत इशारा होता की हे पान सुरक्षित नाही, मागे फिरा. प्रतिभाने सुधाकररावांच्या संगणकावर पुन्हा पाहिलं. तिथे सगळं ठीक. दुपारपर्यंत आणखी चार जण आले. सगळ्यांचे मोबाइल जुने आणि सगळ्यांवर तोच इशारा. संध्याकाळी बाजारात बोलणं सुरू झालं की संस्थेचं पान आता कुणा भलत्याच्या हातात आहे. लोक पाकिटं न तपासता घेऊ लागले. एका दुकानदाराने तर पाटीच लावली, आमचं बियाणं तपासायची गरज नाही म्हणून.

सुधाकररावांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. व्यापाऱ्याने खोटा कागद सरकवला होता तेव्हाही तो असाच झाला असणार. त्यांनी दार लावून घेतलं.

"प्रतिभा, चावी दोघायलेच ठावकी होती. मी अन् तू."

"हाव, काका."

"मी तं कोनाले दाखवली नाही."

"मंग मी काऊन दाखविन?"

"मी कोठी म्हनलं तू दाखवली? मी म्हनतो, मी नाही दाखवली." त्यांनी हात पुढे केला. "सोमवारी बैठक हाय. कपाटाची किल्ली माह्याजवळ दे. तुह्या कामाचं बैठकीत ठरन."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. लगेच ठेवली, आणि इतक्या लगेच कुणी काही दिलं की मला आणखी संशय येतो. मीही तिच्या मागे लागलो. प्रमाणपत्र बसवलं त्या दिवशी ती फोन घ्यायला बाहेर का गेली होती? संगणकाचा पडदा थोडा तिरका का केला होता? मग माझा संशय रुख्मिणीबाईंवर गेला. या रोज इथे का येतात? हैदराबादच्या कंपनीने चावीची नक्कल ठेवून घेतली नसेल कशावरून? एका दुपारी तर मी पालीकडेसुद्धा रोखून पाहत होतो. फक्त एकावर मला संशय आला नाही, तो म्हणजे मी.

शनिवारी दुपारी प्रतिभाने माझी रोजनिशी उघडली. माझ्याकडे कोण आलं, केव्हा आलं, मी काय उत्तर दिलं, ते सगळं मी त्यात लिहून ठेवतो. कुणी वाचत नाही, पण मी लिहितो. तिला एवढंच शोधायचं होतं की आपल्याखेरीज दुसरं कुणी आत शिरलं का. बैठकीत दाखवायला तेवढा तरी पुरावा हवा होता. नाहीतर तीन वर्षांची नोकरी आणि गावातलं नाव, दोन्ही सोमवारी जाणार होतं.

दुसरं कुणी आलेलंच नव्हतं. पण खाली एक ओळ होती, आणि ती पुन्हा पुन्हा होती. तिसरा रकाना रिकामा. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याची ओळख जोडलेली नाही.

मित्रांनो, इथे मला मान खाली घालावी लागते. ही ओळ मी पहिल्याच दिवशी लिहिली होती. लिहिली आणि विसरलो. साऱ्या गावावर संशय घेत बसलो, आणि कारण माझ्याच वहीत, माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. मला त्याची आजही लाज वाटते.

प्रतिभाला त्या ओळीचा अर्थ लागेना. ती पुटपुटली, "प्रमाणपत्रावर आपलं नाव हाय, मुदत हाय. मंग हा सही करनाऱ्याची वळख काऊन मांगते?"

दारातल्या पायरीवर रुख्मिणीबाई बसल्या होत्या. त्या आपलं पाकीट पदराने पुसत म्हणाल्या, "मांगनच न बाई. आमच्याकडं सोयरीक घेऊन नवा मानूस आला तं आमी त्याले नाही इचारत, का तू चांगला हायस काय. तो तं हावच म्हनन. आमी इचारतो, तुले कोन वळखते? मंग त्याले कोन वळखते? असं करत करत आपल्या वळखीच्या मानसापरेंत आलं, का बसाले सतरंजी टाकतो."

प्रतिभाने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने आपली पिशवी जवळ ओढली आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद बाहेर काढला.

तो कागद मला माहीत होता. प्रतिभा नोकरीला अर्ज घेऊन आली तेव्हा मी याच खोलीत होतो. अर्जाला तिने जातीचा दाखला जोडला होता, वडिलांचा जोडला होता आणि त्यामागे हा कागद. तिचे आजोबा निजामाच्या काळात शाळेत गेले होते, त्या शाळेच्या नोंदीची ही उर्दू नक्कल. सीमेवरची मराठी बोलणारी माणसं म्हटल्यावर एका कचेरीच्या खिडकीवर नागसेन गुरुजींना ऐकावं लागलं होतं की तुम्ही इथले नाहीच, पलीकडून आलात. त्यांचा दाखला अडला, म्हणून पोरीचाही अडला. शेवटी कुठल्याशा ट्रंकेतून ही नक्कल निघाली आणि दोघांचे दाखले मंजूर झाले. पण सुधाकररावांनी त्या दिवशी नियमाप्रमाणे ती अर्जातून उपटून काढली होती. तुझं नाव नाही, संस्थेचं नाव नाही, वापस घेऊन जा. प्रतिभाने ती घडी करून पिशवीत टाकली होती, आणि तेव्हापासून ती तिथेच होती. मी तेव्हाही शाबासच म्हटलं होतं.

चार वाजता सुधाकरराव आले. प्रतिभाने त्यांना माझी रोजनिशी वाचून दाखवली.

"म्हंजे ते दोन परके कागद जोडा म्हनतेस?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काऊन? कोन हायेत ते आपले?"

प्रतिभाने नक्कल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"काका, हे वळखता काय?"

त्यांनी चष्मा लावला. ओळखायला वेळ लागला, पण ओळखलं.

"ह्याच्यावर माहं नाव नाही," ती म्हणाली. "माह्या आजाचं हाय. तुमी म्हनलं होतं, तुह्या नावाचा नाही, वापस ने. मी नेला. पन ह्या कागदाबिगर माह्या बापाले कोनी मानलं नाही, काका, अन् बापाबिगर मले. थे फोनबी तेच इचारून राह्यले. तुमचा संगनक नवा हाय, त्यानं त्या दोघायले आंधीच कोठंतरी पाह्यलं असन, म्हनून तो काही नाही म्हनत. रुख्मिणीमावशीच्या फोननं नाही पाह्यलं. तिच्या फोनाले आपली वळख कोन देईन? आपनच तं काढून टाकली."

सुधाकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. ते नकलेकडे पाहत होते. उर्दू त्यांना येत नाही.

"हैदराबादच्या ईमेलात थे दोन असतीन काय अजून?"

"हाव."

"जोड," ते म्हणाले.

या वेळी चष्मा आधीच नाकावर होता. नवं टोकन आलं. पहिल्या रकान्यात प्रमाणपत्र, दुसऱ्यात चावी. तिसऱ्यात ते दोघे, आधी आमच्यावर सही करणारा आणि त्यामागे त्याच्यावर सही करणारा. मी सगळं तपासलं. एकाची सही दुसऱ्याने ओळखली, दुसऱ्याची अशा बड्या घराने, जे प्रत्येक मोबाइलला जन्मापासून ठाऊक असतं. मी अर्ज मंजूर केला आणि रोजनिशीत लिहिलं की तिसरा रकाना भरला.

रुख्मिणीबाईंनी पायरीवरूनच पान उघडलं. लाल इशारा आला नाही. त्यांनी पाकिटावरचा नंबर एकेक आकडा बोलत टाकला. मी शोधलं आणि उत्तर दिलं. हा नंबर आमच्या नोंदीत नाही.

"पाह्य बाप्पा," त्या उठत म्हणाल्या. "वापस करतो त्या पाटीवाल्याले, आत्ताच." आणि पाकीट हातात धरून तरातरा बाजाराकडे गेल्या.

सोमवारी बैठक झाली. प्रतिभाच्या कामाचा विषय निघाला तेव्हा सुधाकरराव म्हणाले, "चूक माही होती. पुढचा विषय घ्या." कपाटाची किल्ली त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या हातात परत दिली. बैठक संपल्यावर ते एकटेच मागे राहिले. कपाटातून तिची फाईल काढली आणि तिला हाक मारून ती नक्कल मागितली. झेरॉक्स काढली, संस्थेचा शिक्का मारला. मग कागद हातात धरून ते जरासे घुटमळले.

"प्रतिभा," ते म्हणाले, "ह्याची वरची बाजू कोनती व?"

तिने दाखवली. तशीच, सरळ बाजू वर करून, त्यांनी ती फाईलीत लावली. प्रतिभा खिडकीकडे तोंड करून उभी होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. पण या वेळी मी त्यावर संशय घेतला नाही.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. चारेक महिन्यांनी हे प्रमाणपत्र संपेल. नवं येईल तेव्हा ते ठेवायला मी असेन की एखादं नवं यंत्र, कुणास ठाऊक. तुम्हाला सांगायचं एवढंच आहे. संशय जरूर घ्या, तो नसता तर त्या पाटीवाल्याचं बियाणं आज शेतात पडलं असतं. पण अनोळखी नाव दिसलं म्हणून कागद फाडू नका. आधी विचारा, हा कुणाच्या मागे उभा आहे? आणि माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र कोपऱ्यात घरघरत असेल, तर अधूनमधून त्याची रोजनिशी वाचत जा. आम्हाला हाक मारता येत नाही, आम्ही फक्त लिहून ठेवतो.

परवा सुधाकररावांनी ओलं फडकं घेऊन माझ्या अंगावरचा कापूस काढला. पाठ पुसताना त्यांचा हात त्या जुन्या अर्ध्या कागदाला लागला. मी मनाची तयारी केली, आता ब्लेड येणार. त्यांनी वाकून तो पाहिला, बोटाने त्याची सुटलेली कड नीट दाबली आणि फडकं पिळायला बाहेर गेले. तो तुकडा अजून तिथे आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचा असेल, तर आधी मागे येऊन तो वाचा.